गुडघा फुटला तो पॉइंट

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं नुसतं भणभणतंय. अमेरिकेतल्या कॉलेजच्या टेनिस कोचचा आज आमच्या इराला मेल आला. ॲडमिशनसाठी पाठवलेला व्हिडिओ छान आहे, पण त्यात तू फक्त जिंकतानाच दिसतेस. पॉइंट गेल्यावर कशी खेळतेस ते बघायचंय, अख्खी मॅच पाठव.

अख्खी मॅच आता कुठून आणू? तिच्या बापाने, सुहासने, गेलेले सगळे पॉइंट कापलेत. इथे आखातात, मुसफ्फातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग घासून गुळगुळीत करून घेतो ना, तशी पोरीची मॅच घासली. गेल्या आठवड्यात अल ऐनच्या मॅचमध्ये ती पडली, गुडघा फुटला, रक्त पुसून उठली आणि सेट जिंकला. नेमकं तेच उडवलं!

"पडलेली पोरगी कोण दाखवतं?" म्हणे.

स्थळाला फोटो पाठवतोयस का रे? तोंड सोडलंच मी. ओरिजिनल दे म्हटलं, तर "डिलीट केलं. खलास."

आणि इरा? मला वाटलं, चिडेल, निदान रडेल तरी. गुडघ्यावरची खपली चोळत बापाला म्हणाली, "इट्स ओके, बाबा. नेक्स्ट टाइम आय वोंट फॉल."