सासूबाईंच्या गोळ्या

४ मार्च २०२४, सोमवार

आज कंपनीच्या बसमध्ये झोपले ती थेट पार्किंगमध्ये जागी झाले! वारज्याला चढले, चांदणी चौक यायच्या आत डोळे मिटले. हिंजवडीला सगळी बस रिकामी झाली, एकालाही वाटलं नाही की ह्या बाईला हलवावं. ड्रायव्हरकाका खिडक्या बंद करायला मागे आले तेव्हा मी दिसले. म्हणाले, मॅडम, नाइट करून आलात का? काय सांगणार — साडेनऊ तास झोपून आले होते.

तिथून उन्हात चालत ऑफिस. मीटिंग अर्धी झालेली. अभिनव — माझा मॅनेजर, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान — "टेक केअर, मॅम" म्हणाला. त्याच्या तोंडून ते "तुमचं झालं आता" असंच ऐकू येतं.

चव्वेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही. पण जिना चढताना कठड्याला धरते. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका. सकाळी चेहरा सुजलेला. ऑफिसात सगळे एसी वाढवा म्हणतात, मी स्वेटर घालून बसते. चार महिने झाले असं चाललंय.

९ मार्च, शनिवार

घरच्या डॉक्टरांकडे गेले. वीस वर्षांची ओळख, त्यामुळे तपासणी दोन मिनिटांत आणि होस्टेलवर राहणाऱ्या लेकीच्या, स्वरालीच्या, कॉलेजची चौकशी दहा मिनिटं. थायरॉईड तपासू या का, हे मीच विचारलं. "करा की. मनाचं समाधान होईल," म्हणाले.

माझ्या मनाचं समाधान हा कुठला आजार आहे?

१२ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आला. ७.९. असावं साडेचारच्या आत.

मला आनंद झाला! लाज वाटते लिहायला, पण झाला. कारण सापडलं म्हणून.

डॉक्टरांनी तो पाच मिनिटांत घालवला. किंचित वर आहे, ह्याला आजार म्हणत नाहीत, तीन महिन्यांनी परत बघू. तोवर रोज चाला, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका. गोळीचं विचारलं तर म्हणाले, एकदा लागली की जन्माची, घाई कशाला? आणि मग, चष्मा पुसत — "ह्या वयात बायकांना असं वाटतंच."

घरी नवऱ्याला सांगितलं. श्रीनिवास म्हणाला, "म्हणजे काही नाही ना? सुटलो." तो सुटला. मी कुठे सुटले?

२१ मार्च

झोपले. उठले. दमले.

२ एप्रिल, मंगळवार

अभिनवने काचेच्या खोलीत बोलावलं. माझ्या हातून तीन मोठ्या चुका सुटल्या आणि ग्राहकाला सापडल्या. माझ्या! अठरा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम. त्याने कागद पुढे सरकवला — तीन महिन्यांत सुधारणा, नाहीतर निरोप. सही केली. तब्येत बरी नाही म्हटलं. म्हणाला, डॉक्टरांचं पत्र आणा, मग एचआरशी बोलता येईल.

पत्रात काय लिहिणार डॉक्टर? बाईंना असं वाटतं?

१० एप्रिल, बुधवार

आज मी चोरी केली. कुठेतरी लिहायलाच हवं.

सासूबाई चौदा वर्षं थायरॉईडची गोळी घेतात. पहाटे उठल्या उठल्या, अनशेपोटी, मग अर्धा तास चहा नाही. शंभर गोळ्यांची बाटली असते. काल पाडव्याला नवी फोडली आणि झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख घातली. त्या पोस्टात काउंटरवर होत्या, घरातल्या प्रत्येक डबीबाटलीवर तारीख असते. तीस वर्षांत हिशेबात एक तिकीट कमी भरलं नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

त्या देवपूजेला बसल्या. मी फडताळ उघडलं, एक गोळी काढली, गिळली.  छोट्यातल्या छोट्या डोसची गोळी आहे, सगळ्यांना आधी हीच देतात, मी वाचलंय. आठ आठवडे घ्यायची, मग रक्त तपासायचं. बरं वाटलं तर डॉक्टरांच्या टेबलावर रिपोर्ट आपटायचा.

मागून घेता आली असती. पण मागितली असती तर आधी श्रीनिवास हसला असता, मग सासूबाईंनी डॉक्टरांना फोन केला असता. ह्या घरात माझं दुखणं सगळ्यांचं आणि निर्णय डॉक्टरांचा.

५ मे, रविवार

जिना न थांबता चढले!! तीन मजले. वर गेल्यावर लक्षात आलं. रडूच आलं. श्रीनिवासला वाटलं काहीतरी दुखतंय.

एक चूक केलीय. टेस्टिंगमध्ये नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते — एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधी कळत नाही. आणि मी मात्र गोळीबरोबर कालव्याच्या कडेने चालायलाही लागले. आता बसा.

२४ मे, शुक्रवार

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई जेवणाच्या टेबलाशी. बाटली समोर. गोळ्या ताटलीत ओतलेल्या, दहाचा एक ढीगही पुरा होत नव्हता.

"पाडव्याला फोडली," म्हणाल्या. "पंचावन्न उरायला हव्यात. नऊ आहेत."

मी चप्पल काढत होते. काढतच राहिले.

श्रीनिवास आल्यावर त्यालाही मोजून दाखवल्या. हिशेब चुकला असेल, दुकानदाराने कमी दिल्या असतील, असं तो म्हणत होता. त्यांनी मान हलवली. सीलबंद बाटली होती म्हणाल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, मी रोज दोनदा घेत असणार. घेतलेली आठवत नाही, म्हणून परत घेत असणार.

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हाच. मी म्हटलं, "आई, चहा टाकू?"

२५ मे

श्रीनिवासने नवी बाटली आणली आणि आपल्या कपाटात ठेवली. सकाळी एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत उभा राहतो. त्या त्याच्याकडे न बघता गिळतात. माझी चोरी आपोआप बंद झाली.

१ जून, शनिवार

रिपोर्ट २.६. नॉर्मल.

डॉक्टर इतके खूश झाले की विचारू नका. "बघा! चालण्याने झालं की नाही? आणि तुम्ही गोळ्या मागत होता." पुढच्या पेशंटला आत घेताना त्यालाही सांगितलं, ह्या बाईंचा आदर्श घ्या.

आता मी काय आपटू टेबलावर? गोळीने बरी झाले म्हणावं तर कुठून आणली ते सांगावं लागेल. न सांगावं तर मला काही झालेलंच नव्हतं, तसा कागदच आहे. हा खड्डा मी माझ्या हाताने खणला आणि मीच आत बसले.

घरी गेल्या गेल्या श्रीनिवासने बातमी सांगितली — आईला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचंय. पंधरा तारखेची वेळ मिळालीय. स्मरणशक्तीची चाचणी असते.

८ जून, शनिवार

सासूबाई अभ्यास करतायत. खरंच! कुणीतरी फोनवर सांगितलंय की त्या चाचणीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, घड्याळ काढायला लावतात. मी भाजी निवडत होते. त्या गॅलरीत बसून स्वतःशी — त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट... एकही चुकल्या नाहीत. वहीच्या मागच्या पानावर सात घड्याळं काढली होती, नीट गोल, वाटी ठेवून.

मला विचारलं, नापास झाले तर काय करतात गं? हसत विचारलं. 

मी नीच आहे. दुसरा शब्द नाही.

परत दमायला लागलेय. जिन्यात थांबले आज.

१३ जून, गुरुवार

सांगितलं.

ऑफिसला गेलेच नाही. श्रीनिवास बाहेर पडला तशी त्यांच्या खोलीत गेले. परवाला नेसायचं लुगडं काढून ठेवलं होतं, इस्त्री करून. मी उभ्यानेच बोलले. आई, गोळ्या मी घेत होते. पाडव्यापासून. तुम्ही एकदाच घ्यायचात, दुसरी मी घ्यायचे.

त्यांनी लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर मोजत होते."

"हो."

"वीस दिवस, हेमा. मी वीस दिवस रात्री उठून बसते. आपण कोण ते उद्या आठवेल की नाही म्हणून. आणि तू मला वरण वाढत होतीस."

मी पाय धरायला वाकले तर पाय मागे घेतले. जा म्हणाल्या. गेले. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले, हुंदके देऊन.

तासाभराने त्याच आल्या. माझ्या चेहऱ्याकडे जवळून बघितलं, भुवया बघितल्या, हात हातात घेतला. हात गार आहेत म्हणाल्या. मलाही असंच झालं होतं, तेव्हा श्रीनिवासचे वडील म्हणायचे, कामाचा आळस. मग फोन उचलला आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ स्वतः रद्द केली. कारण विचारलं असावं. "पेशंट पास झालाय," म्हणाल्या.

संध्याकाळी श्रीनिवासलाही सांगितलं. त्याने आईला बाटली परत दिली, तिच्यासमोर मान खाली घालून. जेवताना मला एवढंच म्हणाला, मला सांगावंसं वाटलं नाही तुला? मी म्हटलं, मार्चपासून सांगतेय. तो उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

१५ जून, शनिवार

सासूबाई माझ्याबरोबर घरच्या डॉक्टरांकडे. काठी आपटत. खुर्चीत बसायच्या आधी सुरू — हिने सहा आठवडे माझ्या गोळ्या खाल्ल्या, म्हणून तुमचा तो रिपोर्ट. चालण्याचं कौतुक परत घ्या.

डॉक्टरांचा चष्मा पुसायचा राहिला. मला चार शब्द ऐकवले, ते मला पोचले — स्वतःच्या मनाने औषध घेणं, तेही दुसऱ्याचं, धोक्याचं असतं, हृदयावर येतं. खरं आहे. मग म्हणाले, आता सहा-सात आठवडे काही न घेता थांबा, पुन्हा तपासू, जास्तीची एक चाचणीही करू. ऑफिससाठी तसं पत्र दिलं. दोन ओळींचं. पण दिलं!

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "गाढव आहे. पण आपला आहे."

४ जुलै, गुरुवार

अभिनवने पत्र वाचून मुदत वाढवली. वाटलं होतं तितका वाईट नाही तो. त्याच्या आईलाही हेच आहे म्हणे.

आज सासूबाईंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. खारट ढाण! तिघंही मुकाट्याने जेवलो. विसरण्याचा विषय आता ह्या घरात कुणी काढायचा नाही, असं न बोलताच ठरलंय. मी तर कुठल्या तोंडाने काढू?

२७ जुलै, शनिवार

१४.२. आणि दुसऱ्या चाचणीत कळलं की माझं शरीरच माझ्या थायरॉईडवर हल्ला करतंय. डॉक्टर म्हणाले, मार्चमध्येच ही करायला हवी होती. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा असं ऐकलं.

मला आजार आहे. आळस नाही, वय नाही, मनाचे खेळ नाहीत. श्रीनिवासने रिपोर्ट दोनदा वाचला, मग माझी बॅग उचलून जिना चढला. सॉरी म्हणाला नाही. मला ऐकायचं होतं.

माझी बाटली. माझ्या नावाची चिठ्ठी. सासूबाईंनी झाकणावर पट्टी लावून दिली. तारीख घालताना मला विचारली.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. हातात त्यांची बाटली. म्हणाल्या, हेमा, श्रीनिवासला कळू देऊ नकोस, पण माझ्या गोळ्या फार लवकर संपतायत. बहुतेक मी दोनदा घेते.

मी ह्या बाटलीला हात लावलेला नाही.

म्हटलं, आई, त्या मागच्या वेळच्या मी घेत होते ना? जूनमध्ये सांगितलं तुम्हाला. डॉक्टरांकडे गेलो आपण दोघी.

माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी मायेने हात हातात घेतला.

"तू? तुला काय झालंय गं?"