रॅकवर नीट बसणारा जॉइंट

३ तारीख, सोमवार
विहीणबाई कायमच्या राहायला येणार. मागची खोली त्यांची. मी सूनबाईला म्हटलं, येऊ देत, घर त्यांचंच आहे. मग संडासात बसून विचार केला. घरात संडास एक. मला सकाळी पाऊण तास लागतो. पोट घाबरट, दाराबाहेर चपला वाजल्या की सगळं जागच्या जागी थांबतं.

४ तारीख
उपाय सुचला. माझ्या संडासाच्या भिंतीपलीकडे, त्यांच्या खोलीत, दुसरा संडास. पाठीला पाठ. भिंतीत उभा पाइप एकच, दोन्हीकडचं त्यातच उतरेल. ही म्हणाली, प्लंबरला विचारा. प्लंबरला काय विचारायचं? सातवीपर्यंतच शिकलो, पण एकतीस वर्षं पाइपच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. जॉइंट बसवला एकही नाही. मोजलेत हजारो.

७ तारीख, दुपारी
प्लंबर म्हणतो, भिंतीत डबल वाय लागेल. म्हणजे दोन्ही हात तिरके खाली उतरणारा जॉइंट. मी हसलो. या वायने मला एकतीस वर्षं छळलंय. रॅकवर एक ठेवला की दुसरा घरंगळायचा आणि साहेबांची बोलणी मला. उलट सरळ क्रॉस, अधिकाच्या चिन्हासारखा. एकावर एक दहा रचा, हलणार नाहीत. जो रॅकवर बसत नाही तो भिंतीत काय बसणार?
प्लंबर म्हणाला, काका, जोरात आलेलं पाणी वळत नाही, समोर जातं. समोर दुसरा संडास आहे. मी म्हटलं, खाली जायचं पाण्याला कळतं. पोरगेला आहे, म्हणून रागावलो नाही.

८ तारीख
क्रॉस स्वतः निवडून आणला. बसवण्याआधी प्लंबरने कागदावर लिहून मागितलं: जॉइंट माझ्या सांगण्यावरून बसवला आहे. सही, तारीख. आयुष्यात पहिल्यांदाच माझं मत कुणी लेखी मागितलं. झोकात सही केली.

१४ तारीख
भिंत बुजवली, फरशी लागली. चाचणी घेतली. तांब्याने हळूहळू पाणी ओतलं, सुरेख खाली गेलं. प्लंबरने फ्लश करून बघू का विचारलं. नको म्हटलं. नवी वस्तू उगाच ताणू नये.

१६ तारीख
विहीणबाई आल्या. इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणूस नाडी पुढे करतो. मी केली.

१७ तारीख, सकाळी ६.२०
बसलो होतो. पलीकडे फ्लश झाला. मला खालून गार पाणी लागलं. नव्या पाइपात हवा असते.

६.४०
मी फ्लश केला. पलीकडून 'अगं बाई' असं ऐकू आलं. हवाच.

रात्री
जेवताना विहीणबाईंनी विचारलं, पोट बिघडलंय का तुमचं? कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

१९ तारीख
तोडगा काढला. भिंतीवर दोन टकटक म्हणजे फ्लश करतोय, उठा. हे विहीणबाईंना सांगणार कोण? हिला सांगायला लावलं. ही आधी हसून घेऊन मग गेली. सकाळी पलीकडून दोन टकटक आल्या. उठलो. बसलो. पुन्हा दोन. असं चार वेळा. पोट बंद.

२१ तारीख
दोन दिवस काही नाही. संकल्प: उद्या पाचला उठून पहिला नंबर लावणे.

२२ तारीख
पाचला उठलो. पलीकडे विहीणबाई साडेचारपासून आत होत्या.

२३ तारीख
विहीणबाईंनी बॅग काढली. म्हणाल्या, मी आपली माझ्या घरी बरी, इथे सगळ्यांची अडचण होते. तिकडे त्या एकट्याच. सूनबाईने चहाचा कप माझ्यासमोर आपटून ठेवला. म्हणजे संडास पुन्हा माझा एकट्याचा. हेच तर हवं होतं. सकाळभर निवांत बसलो, टकटक नाही. तरी काही होईना.

संध्याकाळी
प्लंबरला मीच फोन केला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

२४ तारीख
प्लंबर तो कागद घेऊन आला. विहीणबाईंनी चष्मा लावून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. नंतर म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे. मी म्हटलं, बॅग ठेवा आत, जॉइंट बदलतोय. चूक गोदामाची आहे, असंही म्हणणार होतो. म्हटलं नाही. दोन्ही संडास बंद, तीन दिवस शेजाऱ्यांकडे. तिथे दाराबाहेर भरपूर चपला.

२८ तारीख
वाय बसला. फ्लश झाला, पाणी आलं नाही. तरी ६.२० ला दोन टकटक आल्या. उठून उभा राहिलो. नंतर विचारलं, आता कशाला? विहीणबाई म्हणाल्या, "पाऊण तास एका जागी बसणं बरं नव्हे या वयात."

काढलेला क्रॉस धुऊन कपाटावर ठेवलाय. जराही हलत नाही.