एक पुस्तक कमी भरलं

बोरीवली (पूर्व),
४ मे १९८६

तीर्थरूप दादास,

रत्नप्रभाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. चार दिवस कपाटांपुढे उकिडवी बसून माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे, तेव्हा गुडघे सोडून बाकीची अंगं तुझ्या चरणी.) तुझा दमा कसा आहे? वहिनींचा मोतीबिंदू पिकला, की डॉक्टर अजून थांबा म्हणतायत? यंदा आंबा कमी आहे म्हणून ऐकलं, खरं का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. हे ठीक, मुलं ठीक, गॅलरीतली तुळस ठीक. मी मात्र रागावलेली आहे, आणि हे पत्र वाचताना ते तुला कळेलच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

यंदा मी मे महिन्यात कुडाळला येत नाही. वहिनींना सांग, माझ्या वाटणीचे गरे राखून ठेवू नका. लग्न झाल्यापासून एकही मे मी चुकवला नाही, अगदी धाकट्याच्या वेळी सातवा महिना होता तरी एस.टी.नं आले होते. पण यंदा आमच्या शाळेनं माझं ग्रंथालयच बंद करायला काढलं आहे. सुट्टीपुरतं तर ते मी दरवर्षी बंद करते, पुस्तकं गोळा करते, मोजते, डांबराच्या गोळ्या टाकते आणि कुलूप लावून गावी येते. यंदा ते कायमचं बंद व्हायचं आहे. आमचे चिटणीस शिवदासराव यांच्या साडूला टायपिंगचा क्लास काढायचा आहे. त्याला स्टेशनजवळ, उजेडाची, दोन पंखे असलेली खोली हवी आहे, आणि अशी खोली आख्ख्या शाळेत एकच आहे. पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली जायची, पाण्याच्या पंपाशेजारी. तिथे जुलैत घोट्याएवढं पाणी असतं. पंधरा मेला टायपरायटर येणार आहेत. त्या दिवशी खोली मिळाली नाही तर मी कांदिवलीची जागा घेऊन मोकळा होईन, असं साडूनं बजावलं आहे. (हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. मुख्याध्यापकांच्या केबिनला प्लायवूडचं पार्टिशन आहे आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मी त्याला टेकूनच लावते.)

मला कोणी तोंडावर काही सांगितलं नाही बरं का. मुख्याध्यापक घोसाळकर सरांनी फक्त नोटीस लावली. ग्रंथालय उन्हाळी सुट्टीपूर्वी बंद करावयाचे असून सर्व शिक्षकांनी पुस्तके तत्काळ परत करावीत. दरवर्षी मी एप्रिलभर पायांचे तुकडे पाडून घेते तेव्हा यांना त्याचं सोयरसुतक नसतं. यंदा एक एप्रिललाच नोटीस, तीही लाल शाईत! मी खुळ्यासारखी खूश झाले. यांना म्हटलं, सहा वर्षांनी का होईना, माणसाला अक्कल आली. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, अक्कल एवढ्या उशिरा आली तर ती कुणाकडून आली ते आधी बघ. यांचं असंच असतं. वर्षातून एकदा बोलतात आणि नेमकं तेच खरं निघतं.

तर मी वसुलीला निघाले. दादा, शिक्षक ही काय जमात आहे ते मुलांना माहीत नसतं म्हणून शाळा चालतात. आमच्या सुगंधाबाईंनी बारशासाठी मुलांच्या नावांचं पुस्तक नेलं होतं. जिच्या बारशाला नेलं ती कार्टी आता आमच्याकडेच चौथीत आहे, आणि स्वतः माझ्याकडून आठवड्याला एक पुस्तक नेऊन वेळेवर परत करते. आईला विचारलं तर म्हणते, थांबा ना हो, धाकट्या जावेचं अजून व्हायचंय. मी विचारलं, कधी? तर म्हणे, तिचं लग्न ठरतंय. श्यामसुंदर सर गणिताचे. त्यांनी पुस्तक दिलं, खाकी कव्हर घातलेलं, वर सुबक अक्षरात दाखल क्रमांकसुद्धा लिहिलेला. उघडून बघते तर आत त्यांच्या सोसायटीच्या नळजोडणीचा अहवाल. पानंही बरोबर मोजून तेवढीच. गणिताचा माणूस, त्यानं हिशेब जुळवला होता, फक्त पुस्तक बदललं होतं. चित्रकलेच्या लताबाई तर सरळ म्हणाल्या, ते पाखरांचं पुस्तक ना, त्याची चित्रं कापून मी वर्गात लावली, छान दिसतात, येऊन बघा. मी जाऊन बघितली. छान दिसत होती. म्हणून जास्तच राग आला.

आणि खुद्द घोसाळकर सर! त्यांच्याकडे सहा वर्षं एक भाषणांचा संग्रह अडकला होता. दर आठवड्याला मी मागत होते आणि दर आठवड्याला त्यांना मीटिंग असायची. शेवटी पडताळणीआधी वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, शिपायाच्या हाती पाठवलं. उघडलं तेव्हा उलगडा झाला. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शिक्षक दिन, पालक सभा, सगळी भाषणं त्यातलीच. समासात लाल पेन्सिलीनं खुणा. येथे थांबावे. येथे चष्मा काढावा. एका ठिकाणी येथे आवाज भरून येईल. आणि गेल्या वर्षी त्या जागी मी खरोखर पदरानं डोळे पुसले होते रे! माझे तेवढे अश्रू मला परत हवे आहेत.

ही वसुली चालू असतानाच पार्टिशनपलीकडचं ते बोलणं कानावर आलं. टायपिंग, साडू, पोती, जिना. दादा, मी खुर्चीत बसले ती घंटा होईपर्यंत उठलेच नाही. समोर सातवीच्या मुली वाचत बसल्या होत्या. आमच्या शाळेत येतात ती मुलं कुठली, तर मागच्या चाळींतली, गिरणी सुटल्यापासून ज्यांचे बाप मिळेल ते काम करतात अशा घरांतली. घरी एका खोलीत सात माणसं आणि रेडिओ. या मुली माझ्याकडे पुस्तकासाठी येतात तेवढ्याच टेबलासाठीही येतात, कोणी हाक मारत नाही अशा अर्ध्या तासासाठी येतात. टायपिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यांनी शिकावं, नोकऱ्या कराव्यात. पण ते ही एक खोली काढून घेऊन कशाला? मला रडू येत होतं. शाळेत रडायची मला सवय नाही, म्हणून मी रागावले. तेव्हापासून जी रागावले आहे ती आजतागायत.

मी घोसाळकर सरांना गाठलं. म्हटलं, ऐकते ते खरं का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, मॅडम, संस्थेचा विचार मोठा असतो. (या वाक्याला पुस्तकात खूण नव्हती, हे त्यांचं स्वतःचं.) मग म्हणाले, तुम्ही तुमचं काम करा, पडताळणी पुरी करा, आकडा जुळला की किल्ली माझ्याकडे द्या. म्हटलं, ठीक. आकडा जुळला की देते.

आता नियम ऐक. तू कुडाळ कोर्टात नाझर म्हणून तीस वर्षं जप्त्या आणि सीलं केलीस, तेव्हा तुला यातलं मर्म कळेल. सहा वर्षांपूर्वी घोसाळकर सर नवीन आले, तेव्हा ग्रंथालयाची दोन टेबलं कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली आणि परत आली ती लंगडी. सरांना वाटलं यात माझा हात आहे. तेव्हा त्यांनी रागानं एक नियम केला, स्वतःच्या अक्षरात लिहिला, फ्रेम करून माझ्या डोक्यावर ठोकला. एकदा पडताळणी सुरू झाली की रोज काम संपल्यावर खोलीला लाखेचं सील. पुस्तकांचा आकडा जुळेपर्यंत खोलीतली एकही वस्तू हलवायची नाही, खोली दुसऱ्या कामाला वापरायची नाही. पुस्तक कमी भरलंच तर ते रद्द करायला समितीच्या पाचही सदस्यांनी एकत्र बसून सह्या करायच्या. नियमाखाली शिवदासरावांचीही सही आहे. सहा वर्षं मी त्या फ्रेमवरची धूळ पुसते आहे.

सगळ्यांकडची पुस्तकं, श्यामसुंदर सरांचं खरंसुद्धा, वसूल करून पडताळणी झाली. रजिस्टरात तीन हजार दोनशे सोळा पुस्तकं. कपाटांत तीन हजार दोनशे पंधरा. सर म्हणाले, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली. पंधरा. मग ते बाह्या सरसावून स्वतः बसले. त्यांची एकदा अठरा भरली, एकदा नऊ, आणि तिसऱ्यांदा पंधरा. कमी होतं ते मधमाश्यापालनाचं पुस्तक. अकरा वर्षांत ते एका माणसानं नेलं नव्हतं! बोरीवलीत मधमाश्या पाळणार कोण? आमच्या शिपायाला, सहदेवला, सरांनी कपाटांखाली झोपवून शोधायला लावलं. दोन दिवस तो बिचारा जमिनीवर सरपटत होता. मी तावातावानं बोलायला लागले की हळूच म्हणायचा, "बाय, गप ऱ्हवा तुमी, सायबांचा डोक्या तापलाहा." मी कसली गप्प राहते! स्टाफरूममध्ये उभी राहून मी त्या पुस्तकचोराचा असा उद्धार केला की सुगंधाबाईंनी घाबरून दुसऱ्या दिवशी, परत केलेल्या नावांच्या पुस्तकाची पावती मागून घेतली.

तीस तारखेला सर नरमले. म्हणाले, जाऊ दे ना मॅडम, एका पुस्तकासाठी काय अडून बसता, लिहून टाका फाटलं म्हणून. मी म्हटलं, जरूर, फक्त तसं मला लेखी द्या आणि पाच सह्या आणा. सर फोनकडे धावले. शिवदासराव होते, सर स्वतः होते. तिसरे सदस्य परीक्षा संपताच राजापूरला गेलेले. चौथे मालवणला. पाचव्या वसुधाताई, त्यांच्या दारालाही कुलूप, त्या गुहागरला. अरे, मे महिन्यात मुंबईतल्या कोकणी माणसाची सही मिळवायला कोण निघतं? तिघेही जूनच्या पहिल्या आठवड्याशिवाय परतायचे नाहीत. सरांनी फ्रेमकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग सहदेवला म्हणाले, मेणबत्ती आण. स्वतःच्या हातानं लाख वितळवून त्यांनी दाराला सील लावलं, आणि त्यांचं बोट भाजलं. मी फुंकर घातली नाही.

शिवदासराव काल येऊन दारासमोर बराच वेळ उभे होते. साडूही बरोबर होता, हातात मोजपट्टी घेऊन. सील तोडा, असं साडू म्हणाला. शिवदासरावांनी दाराच्या काचेतून फ्रेममधल्या नियमाखालची स्वतःची सही वाचली आणि जूनपर्यंत बघू म्हणाले. साडू जूनपर्यंत थांबणाऱ्यांतला दिसला नाही. पण कुणी सुट्टीत गुपचूप सील मोडणार नाही, याची मला खात्री नाही. म्हणून मी पंधरा तारखेपर्यंत रोज सकाळी जाऊन सील बघून येणार आहे आणि म्हणून गावी येत नाही. जूनमध्ये समिती भरेल तेव्हा पालकांना घेऊन मी दारात उभी राहीन. हे म्हणतात, घरात तोंड चालव, शाळेत गप्प बस. मी म्हटलं, दोन्हीकडे पुरेल एवढं आहे.

एवढंच. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तू औषध वेळेवर घे आणि माझ्या रागाची काळजी करू नकोस, तो मला मानवतो.

तुझी,
रत्नप्रभा

ता. क. : सहदेव उद्या कुडाळकडेच गावी निघतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पार्सल पाठवते आहे. पार्सलात वहिनींसाठी परकराचं कापड आहे. घडी जपून उलगड, आत मधमाश्यापालनाचं पुस्तक आहे. पडताळणीच्या आदल्या दिवशी मी ते डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. सहदेवनं पार्सल हातात घेऊन जरा तोलून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशवीच्या तळाशी घातलं.

ता. क. दुसरा : तू जन्मात कोणाची सुतळीसुद्धा ठेवून घेतली नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी एवढं पुस्तक ठेव. पुस्तकचोरांबद्दल वर जे लिहिलं आहे ते खोडत नाही. ते मलाही लागू आहे, माझी हरकत नाही.

ता. क. तिसरा : पुस्तकात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर सही करून ती सहदेवबरोबर परत पाठव, मी माझ्या पेटीत ठेवीन. नोंद केल्याशिवाय माझ्या ग्रंथालयातलं पुस्तक बाहेर गेलेलं मला चालत नाही. तुझं नाव, पत्ता, दाखल क्रमांक, सगळं मीच भरलं आहे. परतीची तारीख कोरी ठेवली आहे.