स्वस्तातला कॉर्नेल

लुईव्हिल, २ जुलै

प्रिय रोलांडाताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही बापलेक इथे मजेत आहोत, तूही तिकडे सिएटलला खुशाल असशील. पत्र बघून दचकू नकोस. बाबांना आता फोनवरचं धड ऐकू येत नाही, आणि आपल्या घरात महत्त्वाचं काहीही असलं की ते कागदावर लिहायचं ही त्यांनी लावलेली शिस्त तुला माहीतच आहे. पोस्टमनच्या पोटी जन्माला आलो, त्याला इलाज नाही.

बातमी अशी, की मी टॅम्पाला जात नाही. तीस तारखेला संध्याकाळी माझा जुना करार संपला आणि तासाभरात तिथल्या बास्केटबॉल संघाचा फोन आला. चार वर्षं, सात कोटी वीस लाख डॉलर. माझा एजंट हर्शेल खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होता. इथल्या संघाकडे तेवढे पैसे नाहीत, लीगच्या पगारमर्यादेने त्यांचे हात बांधलेले आहेत. त्यांनी देऊ केले तीन वर्षांचे तीन कोटी तीस लाख. मी ते घेतले. हर्शेल तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो.

तू तिथल्या संघाच्या कचेरीत बसून खेळाडूंची किंमत काढतेस, तेव्हा तुला हे वेड्याचं काम वाटेल. वाटू दे. मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबांचं डायलिसिस असतं. मी गावात असलो की मीच नेतो. ते खुर्चीत पडून असतात, मी शेजारी बसतो, ते माझ्या खेळातल्या चुका काढतात. बत्तीस वर्षांचा झालो ताई, पण मला हे सोडून कुठे जायचं नाही. बाबा किती वर्षं आहेत कोणास ठाऊक, आणि ती टॅम्पाच्या पैशांनी परत विकत मिळणार नाहीत.

हर्शेलचा एकच धोशा आहे. माझ्या संमतीशिवाय मला दुसऱ्या संघाला देता येणार नाही असं कलम करारात घालून घे म्हणतो. इतकी वर्षं एका जागी काढलेल्या थोड्याच खेळाडूंना ते मागता येतं, त्यातला मी एक. पण काल आमच्या संघाचा मॅनेजर रस ब्रॅडिगन स्वतः घरी आला. बाह्या सरसावून स्वयंपाकघरात बसला, बाबांनी तळलेला कॅटफिश तीनदा मागून घेतला, आणि निघताना बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, की तो या पदावर आहे तोवर कॉर्नेल कुठे जात नाही. आता अशा माणसापुढे कागद सरकवून, हे जरा लिहून दे, असं म्हणायला माझी जीभ कशी रेटणार?

आणि जुलैचा पहिला आठवडा सगळा शब्दावरच चालतो हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. सह्या नंतर होतात, तोवर कोट्यवधींचे सौदे नुसते तोंडी, आणि कोणी शब्द फिरवला तर लीगभर त्याचं नाव खराब होतं. मग रसचाच शब्द तेवढा कच्चा का धरायचा?

बाबा तुझ्या पत्राची वाट बघतात. माझ्यावर आहे तो लोभ या वेडेपणासकट चालू ठेवावा.

तुझा,
कॉर्नेल


सिएटल, ८ जुलै

चि. कॉर्नेल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू लुईव्हिलला राहिलास म्हणून बाबांना किती बरं वाटलं असेल याची कल्पना आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. थोरली असून मी दोन हजार मैलांवर येऊन बसले आणि त्यांचं सगळं तुझ्या गळ्यात पडलं. हे तू कधी बोलून दाखवत नाहीस, म्हणून जास्त लागतं.

तुझ्या कराराबद्दल मी चकार शब्द काढायचा नाही असा लीगचा नियम आहे. दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी असलं काही बोललं तर आमच्या संघाला दंड आणि मला घरी बसावं लागेल. त्यामुळे मी काही बोलत नाही. एवढंच म्हणते, की हर्शेलला तू टक्केवारी देतोस ती त्याचं ऐकण्यासाठी. ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असेल, तर सल्ला द्यायला आम्ही घरचे फुकट आहोत.

माझ्या कामाची एक गंमत सांगते, सर्वसाधारण म्हणून वाच. जास्त पगाराचा खेळाडू कोणी सुचवला की आमच्या खोलीत सगळे छताकडे बघतात. ते ओझं कोण घेणार? पण चांगला खेळणारा आणि पगाराने स्वस्त असा कोणी दिसला, की सगळ्यांचे कान टवकारतात. ज्याने प्रेमापोटी कमी घेतले, तोच सगळ्यांना हवा असतो. हे जगाबद्दल बोलते आहे, तुझ्याबद्दल नाही.

करारावर सही झाली असेलच. बाबांना सांग, मीठ कमी खा. कॅटफिश तळून पाहुण्यांना वाढण्याआधी स्वतः किती चाखतात ते मला माहीत आहे. दोघांनीही आपापल्या जिवाला जपावं, आणि मला रागावलात तरी विसरू नये.

तुझी,
रोलांडा


लुईव्हिल, १२ जानेवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

ख्रिसमसला तुझं कार्ड आलं, त्यानंतर चिठीचपाटी नाही. मी दोन पत्रं टाकली, त्यांचं उत्तर नाही. बाबा रोज पेटी उघडून बघतात आणि टपाल खात्याला नावं ठेवतात, ज्या खात्यात त्यांनी सगळं आयुष्य घातलं. काय झालंय? माझं काही चुकलं का?

इकडे आमच्या संघाची दैना आहे. नोव्हेंबरात मोठा खेळाडू गुडघा धरून बसला तो बसलाच, आम्ही हरतोय आणि मालक आतापासूनच संघ नव्याने बांधायचं बोलतात. गंमत म्हणजे मी मात्र जन्मात खेळलो नव्हतो इतका चांगला खेळतोय. वर्तमानपत्रात परवा माझं नाव छापून आलं, लीगमधला सगळ्यात किफायतशीर करार म्हणून. बाबांनी ते कापून डायलिसिसच्या नर्सला दाखवलं. मी म्हटलं, मुलगा स्वस्तात गेला याची जाहिरात कशाला करता? तर म्हणाले, घासाघीस करायची अक्कल आईकडून आली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी डायलिसिसवरून येताना त्यांना ग्लानी आली. मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांचं डोकं खांद्यावर धरून तसाच बसलो. जाग आल्यावर म्हणाले, कालचा दुसरा फ्री थ्रो तू घाईत टाकलास. ताई, मला त्या वेळी इतकं बरं वाटलं, की सगळ्या टॅम्पाची किंमत तिथे वसूल झाली. हे तुझ्या आकड्यांत कुठे बसवायचं ते तू बघ.

फेब्रुवारीच्या आरंभी संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. हर्शेल घाबरवत असतो, पण रसने मागच्या आठवड्यात पाठीवर हात ठेवला, काळजी करू नको म्हणाला. तेव्हा काळजी तुझ्या गप्प बसण्याचीच आहे. चार ओळी तरी लिही.

तुझ्या रागाचा आणि लोभाचा दोन्हीचा हक्कदार,
कॉर्नेल


लुईव्हिल, ९ फेब्रुवारी

चि. रोलांडा हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो, अक्षर लावून घे. तुला सगळं कळलेलंच आहे, तुमच्याच संघाने त्याला घेतलंय. तरी इकडची बाजू माझ्याकडून कळावी म्हणून लिहितो.

गुरुवारी दुपारी ब्रॅडिगन घरी आला. कॉर्नेल सरावाला गेला होता. त्याला फोनवर सांगून मग माझ्याकडे आला, असं म्हणाला. दारातच उभा राहिला. थंडी फार होती म्हणून आत घेतला, कॉफी दिली, जेवायला विचारलं नाही. म्हणाला, मालकांचा हुकूम आहे, संघ मोडून नवा करायचा, आणि मोठ्या पगाराचे खेळाडू कोणी फुकटसुद्धा घ्यायला तयार नाही. डिसेंबरपासून तीन संघ फक्त कॉर्नेलसाठी मागे लागले होते. त्याला टॅम्पाएवढा पगार असता तर एकही फोन आला नसता, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मग रडला. मी त्याला रडू दिलं. दिलेल्या शब्दाचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्याला ठाऊक होतं.

कॉर्नेलने शुक्रवारी पहाटेपर्यंत बॅगा भरल्या. मला म्हणाला, बाबा, तुम्ही चला, सिएटललाही डायलिसिस होतं. मी नाही म्हटलं. तुझी आई इथल्या मातीत आहे. त्या केंद्रात माझ्या डाव्या हाताला बसणारा म्हातारा गेली चार वर्षं तोच आहे, त्याला माझ्याशिवाय शिव्या घालणारं कोणी नाही. मी आता नव्या गावी जाऊन काय करू? न्यायला-आणायला चर्चच्या पर्लीनबाई येतात. गाडी भयंकर चालवतात, पण येतात. तो गेल्यावर मात्र मी त्याच्या खोलीत बसून पोटभर रडलो. तुला खोटं कशाला सांगू.

आता मुद्द्याचं. त्याला कळलंय की तुला आधीपासून माहीत होतं. तो तुझ्या घरी उतरला नाही, हॉटेलात राहिला आहे, हे पण मला कळलं. लहानपणी तुम्ही दोघं भांडलात की मी दोघांनाही लिहायला बसवायचो आणि वरच्या मजल्यावरचं पत्र खालच्या मजल्यावर गणवेश घालून आणून द्यायचो. आता तेवढे जिने चढवत नाहीत. तूच लिही, आणि तिकीट लावून टाक. मी दोघांचाही बाप आहे, हे लिहिताना ध्यानात असू दे.

म्हाताऱ्याकडे लक्ष असावं.
तुझे बाबा


सिएटल, १३ फेब्रुवारी

चि. कॉर्नेल यास,
आशीर्वाद. घेशील की नाही माहीत नाही.

तू या गावात आहेस, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर, आणि मी तुला टपालाने लिहिते आहे. बाबांचा हुकूम आहे. समोर आले असते तर मला बोलता आलं नसतं, हेही आहेच.

हो, मला माहीत होतं. ख्रिसमसनंतर आमच्या संघाच्या मॅनेजर बाईंनी तुझं नाव काढलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, की हा माझा भाऊ आहे, मला यातून वगळा. त्यांनी वगळलं. तुझ्याबद्दल बोलायची वेळ आली की मी उठून बाहेर जायची. पण दाराबाहेर उभं राहूनही कळायचं ते कळतंच. तुला एक शब्द जरी लिहिला असता तर नियम मोडला असता, आणि दुसरं काही लिहायला बसले की हात पुढे जाईना. म्हणून पत्रं आली नाहीत. तुझं ते खांद्यावर डोकं धरल्याचं पत्र मी किती वेळा वाचलं, ते माझं मला माहीत.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. सगळं माहीत झाल्यावर मग काय ते ठरव. मुदतीच्या दिवशी सकाळी बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, आकडे आमच्याकडे आहेत, एकच गोष्ट आकड्यांत सापडत नाही. या मुलाने बापासाठी एवढे पैसे सोडले. त्याला इथे ओढून आणलं तर तो मन लावून खेळेल, की कुढत बसेल? कुढणार असेल तर आम्ही हा सौदा सोडून देतो.

कॉर्नेल, माझ्या एका वाक्यावर ते अडलं होतं. कुढेल, असं म्हटलं असतं तर तू आज बाबांजवळ असतास. दुसऱ्या दोन संघांनी तोवर नाद सोडला होता. मी म्हटलं, तो मन लावून खेळेल. त्याला दुसऱ्या तऱ्हेने खेळताच येत नाही.

खरं तेच बोलले. नोकरीसाठी बोलले की तुझं नाव राखण्यासाठी, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. बाहेर येऊन गाडीत बसले आणि बाबांना काय तोंड दाखवू म्हणून रडले. माफी मागत नाही, कारण खरं बोलल्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. पण तुझं काय हिरावलं गेलं ते मला पुरतं कळतं.

तुझ्यासाठी वरची खोली लावून ठेवली आहे. उत्तर आलं नाही तरी ती तशीच राहील.

तुझी,
रोलांडा


सिएटल, २५ फेब्रुवारी

ताईस,
नमस्कार वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा-बारा दिवस झाले. पहिले काही दिवस ते उशीखाली होतं आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल जे येत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

हर्शेलला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बहिणीचे पाय धर. तो कुढेल असं ती म्हणाली असती तर संध्याकाळपर्यंत लीगभर झालं असतं, आणि दोन वर्षांनी मी पुन्हा मोकळा होईन तेव्हा कोणी दारात उभं केलं नसतं. त्याचं बरोबर आहे. तुझंही बरोबर आहे. रससुद्धा त्याच्या जागी बरोबरच असेल. सगळे बरोबर आहेत आणि बाबा पर्लीनबाईंच्या गाडीत जीव मुठीत धरून बसतात.

त्यांनी पत्रातून मला विचारलं, की टॅम्पाला नाही म्हटल्याचा पस्तावा होतो का. मी कळवलं, की पुन्हा वेळ आली तर त्याच आकड्यावर सही करीन, फक्त कॅटफिश वाढण्याआधी कलम घालून घेईन. सात महिने मिळाले. तीन वर्षांचे पैसे मोजून सात महिने. तुझ्या खोलीत हा करार कोणी मांडला असता तर सगळ्यांनी छताकडे बघितलं असतं, पण मला तो महाग पडला असं वाटत नाही.

झोंबलं ते वेगळंच. तू ओळखलंस तसंच झालं. परवा मी सव्वीस गुण केले, शेवटचा चेंडू माझ्याच हातून गेला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि त्या अख्ख्या संध्याकाळी मला बाबांची एकदाही आठवण झाली नाही. कपडे बदलताना झाली. मंगळवार होता. बुटाचे बंद सोडता सोडता मी तसाच खाली बसून राहिलो. बाजूच्या पोराने विचारलं, काही दुखतंय का. मी नाही म्हटलं.

तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस, आणि खरं बोललीस, आणि त्यात माझं भलं होतं, हे सगळं मान्य. तरीही सांगतो ताई, तू खोटं बोलायला हवं होतंस.

रविवारी सामना नाही. सहा वाजता जेवायला येतो. बोलेनच असं नाही. एक ताट मांडून ठेव.

लोभ आहे. सध्या जरा कमी दिसेल, मोजत बसू नकोस.

तुझा,
कॉर्नेल