नावापुढे मी जोडलेला शब्द

प्रिय ठमे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. हाताशी फोन असताना पत्र लिहिणारी या जगात बहुधा तू एकटीच उरली असशील, पण बरंच झालं. मलाही जे सांगायचंय ते फोनवर जमलं नसतं. तू मध्येच फोन ठेवला असतास, आणि तो ठेवण्याचा तुला पूर्ण हक्क होता. म्हणून आधीच सांगून ठेवते. तू जे विचारलंस त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण त्याच्याच पोटात माझी एक चौदा वर्षांपूर्वीची चूक आहे. ती कळल्यावर तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस, की ताई, तुझ्या लेकीने ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय त्याची नेटवर नीट चौकशी कर, मला वाचवलंस तसं तिलाही वाचव, आणि शोधायचं कसं ते मलाही शिकव. म्हणजे तू दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी बसून भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याची कुंडली काढायची! शिकवते. दर शनिवारी सकाळी मी नोकरी करते त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी हाच वर्ग घेते. नऊजण येतात, सगळे साठीच्या पुढचे. संगणक पाच, म्हणून खुर्च्यांवरून भांडणं ठरलेली. एक निवृत्त बसचालक आहेत. ते शोधायच्या चौकटीत आधी ‘नमस्कार’ लिहितात. यंत्र झालं म्हणून काय झालं, विचारायच्या आधी रीत पाळावी, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई गुडघ्याची सगळी हकिगत लिहून काढतात, गेल्या गुरुवारी जिना चढताना काय झालं तिथपासून.

त्यांना मी सांगते ते तुलाही सांगते. यंत्राला हकिगत नको, मोजके शब्द हवेत. आणि तेही आपले नाहीत, तर ज्या पानावर उत्तर असेल त्या पानावरचे. गुडघा कुरकुरतो असं आपण म्हणतो. डॉक्टर लिहील सांध्याची झीज. तेव्हा डॉक्टरच्या तोंडचा शब्द टाकायचा. दोन-तीन शब्द त्याच क्रमाने एकत्रच हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत ठेवायचं, नाहीतर नाव एका पानावरून आणि आडनाव भलत्याच माणसाचं, अशी खिचडी होते. नको असलेलं गाळायला उणे चिन्ह, शब्दाला अगदी चिकटवून. आमच्या बसचालकांच्या नावाचा कुणी गायक आहे. स्वतःचं नाव शोधलं की पन्नास पानं गाणी! त्यांनी उणे चिन्ह लावून ‘गायक’ गाळला, तेव्हा कुठे त्यांचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो सापडला. लहान मुलासारखे खूश झाले. बाईंनी लगेच त्यांना चहा पाजायला लावला.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढच्या दोन गोष्टी मात्र कोणी मनावर घेत नाही. एक म्हणजे, यादीत मथळ्याखाली ज्या दोन ओळी दिसतात ती बातमी नव्हे. पान उघडायचं, खालपर्यंत वाचायचं, तारीख बघायची. आणि दुसरी, प्रश्नातच उत्तर घालायचं नाही. कॉफी वाईट का, असं विचारलंस तर कॉफीने काय काय बिघडतं त्याची यादी येईल; कॉफी चांगली का विचारलंस तर गुणगान येईल. यंत्र बिचारं हो ला हो करतं. त्याला वाटतं, आपल्याला जे मागितलं ते द्यायचंय. मी हे फळ्यावर लिहिते, घोटून घेते, नि एखाद्याने चुकवलं तर चिडते. वर्गात मला खाष्ट म्हणतात, ते मला माहीत आहे.

आता ऐक. तुझं पत्र वाचून मी रीतसर संगणकासमोर बसले. माझ्या लेकीने निवडलेल्या त्या मुलाचं नाव टाकलं, अवतरणचिन्हांत, शहाण्यासारखं. आणि त्यापुढे माझ्या बोटांनी आपोआप एक शब्द जोडला : फसवणूक. मुलाबद्दल कोणी एक वाकडा शब्द बोललेलं नव्हतं. तरी मी तो जोडला. तेवढ्यात माझे हात थांबले, कारण हेच मी एकदा आधी केलं होतं.

तुझ्या औषधवाल्याबद्दल. त्याला मी कधी नावाने हाक मारली नाही, आताही जीभ रेटत नाही. वाचनालयात नेट नुकतंच आलं होतं, मी तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आले होते आणि त्या तीन दिवसांच्या जोरावर स्वतःला मोठी तज्ज्ञ समजत होते. तुमचं लग्न ठरून महिना झाला होता. मी त्याचं नाव टाकलं, पुढे ‘औषध दुकान’ आणि पुढे ‘फसवणूक’. पहिल्याच ओळीत मिळालं. मुदत संपलेल्या गोळ्या विकल्याबद्दल त्याच नावाच्या दुकानदाराला अटक. मी ती यादी छापून घेतली, घरी आणली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी तुला बोलावलं. तू कागद वाचलास, जेवलीस आणि दुसऱ्या दिवशी त्याला नकार कळवलास. त्यानंतर आजवर घरात कुणाचं काही ठरलं, की तू सगळ्यांसमोर म्हणतेस, ताई होती म्हणून मी वाचले. प्रत्येक वेळी मी मान डोलावली आहे.

गेल्या मंगळवारी मी तीच बातमी पुन्हा शोधली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा ते पान उघडलं. चौथ्या ओळीत आरोपीचं वय आहे, चोपन्न. गावही दुसरंच. आणि बातमीच्या तारखेला तुझा औषधवाला कॉलेजच्या पहिल्या वर्षात असेल. माणूस वेगळा होता, ठमे. एक टिचकी मारली असती तर मला तेव्हाच कळलं असतं.

का मारली नाही, हेही सांगते. मला तो मुळी आवडलाच नव्हता. पहिल्यांदा घरी आला तेव्हा न विचारता आपल्या स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण दुरुस्त करून गेला. मला वाटलं, हा कोण मोठा लागून गेला! खरं तर आई गेल्यापासून तुला मी वाढवलं होतं आणि तू मला सोडून दुसऱ्या कुणाच्या घरात हसत-खेळत राहशील हे मला सोसत नव्हतं. मला त्याची माहिती नको होती, त्याच्यातली खोट हवी होती. मागितली तशी मिळाली.

म्हणून लेकीच्या त्या मुलाबाबत मी काय केलं ते आधी सांगते, तुझी काळजी मिटेल. नेट बंद केलं आणि त्याला रविवारी घरी बोलावलं. समोर बसवून विचारलं, बाबा रे, तुझ्याबद्दल मला कळायला हवं असं काय आहे? तो आधी गोंधळला. मग म्हणाला, दोनदा नापास झालोय, एक नोकरी भांडून सोडली, आणि वडिलांशी मी फारसा बोलत नाही, ते जमवायचंय. लेक माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी त्याला चहा दिला. एवढी माहिती कुठल्याही पानावर नव्हती, आणि ती मिळवायला एक प्रश्न पुरला.

तो गेल्यावर मी कपबशा विसळायलाही उठले नाही, नुसती बसून राहिले. कारण तुझा औषधवालाही असाच माझ्यासमोर उभा राहिला होता. तू नकार कळवलास त्याच्या नवव्या दिवशी तो वाचनालयात आला. रांगेत उभा राहिला, त्याच्यापुढे तीन माणसं होती, आणि माझ्या खिडकीशी आल्यावर म्हणाला, ताई, तुम्ही काय वाचलंत ते मला माहीत नाही, पण मला विचारा, मी सांगतो. मी म्हटलं, मागे लोक खोळंबलेत. दिवसभर लोकांना हवी ती माहिती काढून देणं हे माझं काम, आणि ज्याची माहिती हवी होती तो माणूस स्वतः सांगायला आला, तर मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. त्याने एक लिफाफा ठेवला, त्यावर तुझं नाव, आणि तो निघून गेला. तू नुकती कुठे नीट जेवायला लागली होतीस, मी मनाशी म्हटलं नंतर देऊ. नंतर म्हटलं आता काय उपयोग. तो लिफाफा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात चौदा वर्षं पडून होता. तो आज या पत्रासोबत पाठवते आहे. मी तो उघडलेला नाही. त्या औषधवाल्याचा आजचा पत्ताही मी शोधलेला नाही. पाच मिनिटांचं काम आहे, हात शिवशिवले, पण या वेळी शोधायचं की नाही ते तू ठरव. नाव अवतरणचिन्हांत टाक, आणि पुढे काहीही जोडू नकोस.

तुझीच, तू अजून म्हणशील तर,
ताई