उपाशी पट्टीला खत घालू नये

मी, करुणा कोंडीबा खंदारे, वय ७१, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, पूर्वी कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सहायक, आज पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मर्जीने हे लिहिते. गुडघे गेले, डोकं बराबर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

१. राहते घर, बँकेत असेल ती ठेव, बियांचे डबे आणि सर्व वह्या भाची सृष्टी हिला द्याव्यात. पोरगी माझंच काम पुढे करून राहिली आहे. वह्यांतलं अक्षर लागत नसेल तर तो तिच्या डोळ्यांचा दोष समजावा.

२. गट क्रमांक २१२ मधली दहा गुंठ्यांची पट्टी, जिला गाव ‘उपाशी पट्टी’ म्हणतं, तिच्याबद्दल नीट वाचावे. ज्वारीला मातीतून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळेनासं झालं की तिचं एक जनुक जागं होतं आणि आरएनेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते विकर जुन्या पानांतला आरएनए तोडतं, त्यात अडकलेलं स्फुरद सुटतं आणि वरच्या कोवळ्या पानांना मिळतं. खालची पानं जांभळी पडून वाळतात, वर कणीस भरतं. पोटभर खत मिळालं की हे जनुक झोपून राहतं. म्हणून एकोणतीस वर्षं मी ही पट्टी उपाशी ठेवली आणि त्यातल्या भरल्या कणसांचं बी निवडत आले. आज ही ज्वारी डीएपीवाचून, म्हणजे स्फुरदाच्या खतावाचून, शेजाऱ्याच्या पाऊणपट उतारा देते. हे काम सृष्टीला पुढे न्यायचं तर पट्टी उपाशीच राहिली पाहिजे. युरिया चालेल, त्यात स्फुरद नसतं. डीएपी, सुपर फॉस्फेट, शेणखत, यातलं काही नको.

३. माझी राखही तिथे टाकू नये. गावात तशी रीत आहे, पण हाडांत स्फुरदच स्फुरद असतं. जिवंतपणी जे जपलं ते मेल्यावर मीच नासवू काय?

४. शेजारी तातेराव यांच्या शेतातलं खताचं पाणी पट्टीत येऊ नये म्हणून मधली चारी दरवर्षी उकरावी. ‘बाईची ज्वारी रुसली’ म्हणून हे गृहस्थ वीस वर्षं हसले. त्यांना मी मुद्दाम साक्षीदार केलं आहे, म्हणजे सही करण्याआधी एवढं तरी वाचतील.

५. आता धाकटा भाऊ रत्नपाल. डिसेंबर २०१४ मध्ये मी मोतीबिंदू काढायला आठ दिवस नांदेडला होते. याने जांभळं पीक पाहिलं, सगळ्या पट्टीला पाणी दिलं आणि डीएपीचं पोतं आणून फेकलं. “अक्का, पीक मरून राहिलं होतं, बघवंना,” म्हणाला. मी म्हणाले, “पुन्हा माझ्या बांधाला पाय लावू नकोस.” त्याने दहा वर्षं लावला नाही. मीही बोलले नाही.

पण त्याचं पोतं निम्म्या पट्टीतच संपलं होतं. रागाच्या भरात मी दोन्हीकडची पानं तपासायला नेली. खत पडलेल्या भागात ते जनुक गप्प, उपाशी भागात लख्ख जागं. आधी मी तुलनेची ज्वारी दुसऱ्या शेतात पेरायची आणि निबंध तपासणारे म्हणायचे, माती वेगळी आहे. इथे बी तेच, माती तीच, पाणी तेच. माझा निबंध त्यावरच छापून आला. त्यात लिहिलं, ‘अर्ध्या भागास स्फुरद देण्यात आले.’ कोणी दिलं, ते लिहिलं नाही. ही माझी लबाडी. रत्नपाल, मला माफ कर.

६. सबब ही पट्टी, दोन्ही भागांसह, रत्नपाल कोंडीबा खंदारे यास द्यावी. उपाशी पीक ज्याला बघवत नाही, तोच त्याच्याकडे रोज नीट बघेल.

वकील म्हणतात, ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मृत्युपत्र आधी वाचून दाखवायची रीत नाही. पहिलं मान्य. दुसरं न्हाई. मेल्यावर माफी मागून काय उपयोग? सृष्टीने त्याला आणून ओट्यावर बसवलंच होतं. आत बोलावून सगळं वाचून दाखवलं.

 ऐकून रत्नपाल म्हणाला, “अक्का, पोतं संपलं न्हवतं. निम्म्यात आलो अन् मनात आलं, एवढी शिकलेली बाई, काहून उपाशी ठेवून राहिली असंल? इचारल्याबिगर नको. तसाच थांबलो. उरलेलं घरी हाय. दगड झालाय त्याचा.”

मला रडू आलं. तेही इथे नोंदवते.

७. कलम ५ मधील ‘त्याचं पोतं निम्म्या पट्टीतच संपलं होतं’ हे शब्द रद्द समजून ‘त्याचा हात निम्म्या पट्टीतच थांबला होता’ असे वाचावे.

८. पट्टी रत्नपालला माझ्यामागे मिळेल. बांधावर पाय ठेवायला मात्र थांबू नये. उद्या सकाळी कणसं निवडायची आहेत, त्याने यावे.

वरील मजकूर वाचून, बरोबर असल्याची खात्री करून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: करुणा कोंडीबा खंदारे

साक्षीदार:
१. तातेराव माधवराव अडकिणे (वाचले. चारी मी उकरीन.)
२. पारुबाई संतराम ढाले, निवृत्त अंगणवाडी सेविका

ठिकाण: डोंगरकडा
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५