घोड्यावरची विभूती

अण्णा, तुमचं ते जुनं पिस्तूल अजून माझ्याकडंच आहे आणि मी ते पुसलेलं नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. तीन होती तुमच्याकडं, तिन्ही एकाच स्वभावाची. दर बार उडवण्याआधी घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा, तो खट्‌कन बसला की मगच चाप ओढायचा. "माणसाला विचार करायला उसंत देणारं हत्यार," असं तुम्ही म्हणायचात. आई म्हणायची, एवढा विचार करायचा तर हत्यार हवं कशाला. तुम्ही जन्मात एक बार उडवला नाहीत. निजामाच्या अमलात नळदुर्गला उर्दूतून वकिली करायची, आणि कुणाच्या घरी वाडवडिलांचं पिस्तूल पडून आहे असं कळलं की परवान्याचे सोपस्कार उरकून ते घरी आणायचं, एवढाच तुमचा पराक्रम.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेड चांगला, म्हणून तुम्ही तिथं बसता. पुढ्यात पांढरं फडकं, हातात बाभळीचा काटा, डोळ्याला भिंग. फटीफटीतून काय निघतं ते काट्यानं उकरून फडक्यावर मांडता आणि त्यावरून पिस्तूल कुठल्या घरी नांदलं ते ठरवता. आईला भाकरी थापायला जागा उरत नाही, पण तिनं त्यावर बोलणं कधीच सोडून दिलेलं. मी संस्कृत पाठशाळेतून सुट्टीला आलेलो. चांगलं काम करावं म्हणून एकदा चिंधी आणि तेल घेऊन बसलो, तर तुम्ही हात धरलात. "गोत्र विचारायच्या आधीच आंघोळ घालतोस त्याला?" म्हणालात. मी म्हटलं, धूळ तर आहे. "धूळ म्हणू नकोस. ती त्याची वंशावळ आहे." पाठशाळेत इतकी वर्षं काढून असं सुटसुटीत सूत्र मला कुणी दिलं नव्हतं, पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही.

हे पिस्तूल जमादारांचं. किल्ल्याच्या बाजूला राहणारे ते उंच अरब, तुमचे जुने पक्षकार, चहाला येऊन बसले की बशी त्यांच्या पंजात दिसायची नाही. पोरांच्या हाती नको म्हणून त्यांनी ते तुमच्या हवाली केलं, आणि सांगितलं की त्यांच्या वालिदना, म्हणजे वडलांना, हैदराबादच्या एका नवाबानं बक्षीस दिलेलं. त्यांच्या घरात नवाबाची ही गोष्ट देवघरासारखी होती. तुम्ही काटा फिरवलात. घोड्याच्या डोक्यावर, अंगठा टेकतो तिथं, तीन आडव्या रेघा होत्या. ती कारखान्यातलीच कोरणी, अंगठा घसरू नये म्हणून, असं तुम्ही ठासून सांगितलंत. पण रेघांत आणि खालच्या खाचेत दगडासारखी घट्ट बसलेली पांढरी राख निघाली. तुम्ही ती बोटावर चोळलीत, हुंगलीत आणि म्हणालात, "विभूती आहे. जमादार, नवाबाच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजत नाहीत. हे लिंगायताच्या घरचं पिस्तूल." जमादार हसले. "वकीलसाब, तुमचं भिंगच हिंदू आहे." एवढ्यावर ते थांबलं असतं. पण तुम्हाला तुमची हुशारी घरात ठेवून कोर्टात जाणं कधी जमलं नाही. बाररूममध्ये, बाजारात, न्हाव्याकडंसुद्धा तुम्ही त्या राखेची गोष्ट सांगितलीत.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला. हत्यारं जमा करा असा हुकूम निघाला, तुमची तिन्ही तहसिलीत गेली. त्या दिवसांत कुणाला कुणाचं काय आठवेल याचा नेम नव्हता, आणि कुणाला तरी नेमकी ती राख आठवली. पाठशाळेत मला शिकवलं होतं, डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं अनुमान करावं. तुम्ही राखेवरून घर काढलंत, लोकांनी घरावरून दरोडा काढला. जमादारांच्या बापानं लिंगायताचं घर लुटलं, पुरावा खुद्द वकिलाच्या तोंडचा. जमादारांना चावडीत नेऊन बसवलं. तुम्ही जेवणावरून उठलात. आई एवढंच म्हणाली, "आता उरलेलं शोधा."

लोहारा गावच्या पेठेत लिंगायत व्यापाऱ्यांकडं आपण घरोघर फिरलो. प्रत्येक शेठ आदरानं बसवतो, चहा पाजतो आणि न्हाय म्हणतो. शेवटी एका घरात, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेली एक म्हातारी दाराआडून ऐकत होती. तिला तिथं सगळे अव्वा म्हणत. ती बाहेर आली आणि तुमची उलटतपासणी सुरू केली. "घोड्यावर तीन रेघा हायत का?" तुम्ही म्हणालात, आहेत, कारखान्यातल्या. "कारखाना कसला? आमच्या मामंजींनी सोनाराकडनं काढून घेतल्यात. शिवाचा पट्टा वडल्याबिगर हत्यार घरात न्हाय घेतलं त्यांनी. नवी सून हुते मी. दर नवमीला ह्या बोटानं विभूती लावलीया." तुमचा चेहरा मी त्या वेळी मुद्दाम पाहिला, त्याबद्दल क्षमा असावी. तुम्ही हळूच विचारलंत, "मग ते गेलं कसं, अव्वा?"

"गेलं न्हाय, दिलं. दरवडा आला तवा त्यो अरब आमच्या उंबऱ्यावर हुबा ऱ्हायला. चाकरीचा मानूस, पळाला असता तर कोन काय म्हनलं असतं? मामंजींनी आपल्या हातानं दिलं त्याला. आन् आता त्याच्या पोराला चोर कोन म्हन्तंय?"

तुम्ही तिचा जबाब लिहून घ्यायला निघालात. ती म्हणाली, "आंगठा दिल्यावर तुमी वकील लोक त्याचं काय करता ते ठावं हाय मला. गाडी जुपा, मीच येते."

आली. चावडीत सगळ्यांसमोर हेच सांगितलं, मग जमादारांकडं मान वर करून पाहिलं. "बापावानी लांब हाय," म्हणाली, आणि अधिकाऱ्याला विचारलं, "ह्याला जेवायला दिलंसा का?" संध्याकाळच्या आत जमादार सुटले. बाहेर लिंबाखाली त्यांनी तुमचे दोन्ही हात धरले, बराच वेळ धरून ठेवले, आणि म्हणाले, "वकीलसाब, हमारी जान तो बचाए तुम. लेकिन हमारे नवाब को मार डाले." तुम्ही म्हणालात, "जमादार, जे आहे ते हे आहे. आणि नवाबापेक्षा चांगलं आहे." ते खरंच होतं. जमादारांनी मान हलवली. पण त्यानंतर चहाला आले तेव्हा त्यांनी पिस्तुलाचा विषय काढला नाही, आणि घरीही त्यांनी हे कुणाला सांगितलं नसावं.

नसावं असं म्हणतो, कारण काल त्यांचा नातू आला होता. सोलापूरला शाळामास्तर आहे, तोही दारात वाकूनच आला. आजोबा जाताना शेवटपर्यंत नवाबाचीच गोष्ट सांगत होते, म्हणाला, एकदा ते पिस्तूल बघायचं होतं. तिन्ही परत मिळाली तेव्हापासून तुमच्या पेटीतच आहेत. मी काढून दिलं. त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं, घोड्यावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "सर, ह्या रेघांत पांढरं काय आहे?" अव्वाचा उंबरा माझ्या ओठांवर आला होता. तुम्ही असतात तर भिंग आणून त्याला संध्याकाळपर्यंत बसवलं असतंत, आणि नवाब दुसऱ्यांदा मेला असता.

मी म्हणालो, धूळ आहे.